उखर्डू मिस्त्रीचं नरम स्पाकीट

शिरपूरच्या बसस्टँडमागे उखर्डू मिस्त्रीचं लेथचं दुकान होतं. उखर्डूच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मला तेव्हा आईने त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि लगेच उचलून घरात आणलं; त्यावरून नाव उखर्डू. यमाने विचारलं तर सांगता यावं, की बाबा रे, हा तर कचरा आहे, याला नेऊन काय करशील? यम फसला. गावाने मात्र ते नाव जरा जास्तच मनावर घेतलं.

धुळ्याच्या एका कारखान्यात बारा वर्षं टर्नर म्हणून काढल्यावर तो जुना लेथ घेऊन गावी परतला. ऐंशी साल उजाडलं होतं. मास्तर, दूधवाले, कापसाचे दलाल, सगळ्यांच्या बुडाखाली मोटारसायकली आल्या होत्या आणि सगळ्यांचं रडगाणं एकच होतं. मागच्या चाकाचं दातेरी चक्र, म्हणजे स्प्रॉकेट, ज्याला आपल्याकडे कोणी स्पाकीटशिवाय दुसरं काही म्हणत नाही, ते एक पावसाळा काढायचं नाही. काळ्या मातीची धूळ आणि अनेर नदीच्या पात्रातली वाळू चेनच्या तेलात कालवली, की तिची कानसच होते. दात झिजून मांजराच्या नखांसारखे वाकडे व्हायचे आणि चढावर चेन सटकायची. लोक तेच चक्र उलटं करून बसवायचे, की दुसऱ्या बाजूचे दात आहेत अजून, ते कशाला वाया घालवा!

उखर्डूने मनावर घेतलं. झिजणार नाही असं लोखंड शोधायचं. साध्या पत्र्याचं केलं, ते चार महिन्यांत संपलं. मग त्याची नजर गेली ट्रॅक्टरच्या नांगराच्या मोडक्या तव्यांवर, म्हणजे माती फोडणाऱ्या गोल पात्यांवर. जे पोलाद वर्षानुवर्षं या जमिनीत घुसून पुरं झिजत नाही, ते चेनला काय भीक घालणार? तवा भट्टीत लाल करून सपाट केला, राखेत घालून सावकाश निववला, दात पाडले, पुन्हा लाल करून अख्खा तेलात बुडवला. काचेसारखा कडक झाला. स्वतःच्या गाडीला बसवला, आणि तिसऱ्या दिवशी दोन दात भाजलेल्या पापडासारखे कडाकड तुटले. चेन अडकली, चाक जाम झालं आणि मिस्त्री रस्त्याकडेच्या निवडुंगात. आठ दिवस कलाबाई चिमट्याने नवऱ्याच्या पाठीतले काटे काढत होती.

"तीन वरीस पासून दात दात करी राह्यनात," ती म्हणाली. "मन्हा दोन पडी ग्यात, त्या कोन दखी?"

पण काटे फुकट गेले नाहीत. उखर्डूला कळलं, की अख्खं कडक चालत नाही. दात तेवढे कडक हवेत, पोट नरम हवं. धक्का बसला तर पोटाने सोसावा, घासलं तर दातांनी टिकावं. त्याने नुसती कड तापवून तेलात विझवायची युक्ती बसवली, वर हलका शेक देऊन दातांचा ठिसूळपणा काढला, आणि चौऱ्याऐंशी साली एक स्पाकीट असं उतरलं, की बघत बसावं. काळंनिळं, ओबडधोबड, कोणाला रस्त्यात सापडलं तर लाथेने सरकवेल असं.

ते त्याला सगळ्यात आधी अभिमन गुरुजींना दाखवायचं होतं. गुरुजी म्हणजे पहिलीपासून एका पाटीवर लिहिलेला दोस्त. सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्यावर शाळा, रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, बुडाखाली राजदूत. शिरपुरात पंखा घ्यायचा असो की जावई पसंत करायचा असो, गुरुजींनी मान डोलावल्याशिवाय माणूस पुढे सरकत नसे. पण उखर्डूला गावाचं काही नव्हतं. अभिमनने एकदा हातात घेऊन "चांगलं झालं रे" म्हणावं, एवढीच त्याची हाव होती. माणसाची हाव इतकी लहान असली, की ती हमखास पुरी होत नाही.

संध्याकाळी दुकानात चहाला सातआठ माणसं जमली होती. गुरुजींनी स्पाकीट उलटंसुलटं केलं आणि गंभीर चेहऱ्याने कानस मागितली. कडक लोखंडावरून कानस घसरते, नरम लोखंडात रुतते, हे आता पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण नव्या मालाच्या दातांना कानस लावायची आपल्याकडे रीत नाही. पैसे द्यायच्या आधी कोणी नव्या विळ्याची धार दगडावर घासून पाहतो का? दात खराब होऊ नयेत म्हणून गुरुजींनी शहाण्या माणसासारखी कानस फिरवली ती मधोमध, पोटावर. कानस खर्रकन रुतली. भुसा गळाला.

"नरम शे रे उखर्डू," गुरुजी म्हणाले.

"अरे, पोट नरमच ठेयेल शे! दातवर फिराव ना कानस!"

"नवा मालना दात खराब करू? मी काय येडा शे का?"

सगळे हसले. उखर्डूही हसला, कारण दुसरं काय करणार? पण तो एक शब्द त्या दिवसापासून त्याच्या स्पाकीटला चिकटला. दुकानात कोणी चौकशी केलीच, तर शेजारी बसलेला सांगायचा, "गुरुजींनी कानस लावून पाह्यलंय." विषय संपला.

त्याच वर्षी बाजारपेठेत मगनने सुट्या भागांचं दुकान काढलं. त्याच्याकडे खोक्यात बंद, सोनेरी रंगाची स्पाकीटं यायची. कोणत्या कारखान्याची, ते मगनलाही माहीत नव्हतं. पोटावर कानस लावली तर काचेवरून घसरावी तशी घसरायची. गुरुजी म्हणाले, "याला म्हणतात कडक!" आणि एक विकत घेतलं. मगन विकायचा, बसवायचा नाही. तेव्हा ते खोकं घेऊन गुरुजी आले कुठे? उखर्डूकडे. पिकतं तिथे विकत नाही हे खरं, पण पिकवणाऱ्याच्याच अंगणात दुसऱ्याचा माल आणून पाखडायला फार निर्मळ मन लागतं. ते गुरुजींकडे होतं.

"बसाडी ठेव. सकाळी लई जासू."

उखर्डूने ते सोनेरी स्पाकीट हातात घेतलं, एका दाताला हातोडीचा हलका ठोका दिला. दात टचकन उडाला. त्याच्या पाठीत निवडुंग पुन्हा टोचलं. राग होता, नाही असं नाही. वाटलं, बसवावं हेच आणि जाऊ द्यावं गुरुजींना नाल्यात, म्हणजे नरम-कडक समजेल. पण पाड्याकडच्या उताराला एका बाजूला खोल नाला होता, आणि अभिमन काही निवडुंगात पडून हसत उठायच्या वयाचा राहिला नव्हता. उखर्डूला त्याच्यासाठी खरोखर भीती वाटली. त्याने फळीवरचं आपलं स्पाकीट काढलं, बुद्धविहाराची कमान रंगवून उरलेला सोनेरी रंग त्याला फासला आणि गुरुजींच्या गाडीला बसवून टाकलं. बसवणावळ घेतली, नाहीतर गुरुजींना संशय आला असता.

एक पावसाळा गेला, दोन गेले. चेन बदलली, टायर बदलले, स्पाकीट हललं नाही. आणि गुरुजी जिथे बसतील तिथे सांगू लागले, "मगनचा माल! तीन वर्षं झाली, दात जसेच्या तसे!" पाचव्या वर्षी मगनने दुकानावर पाटी लावली, 'टिकाऊ मालाचे एकमेव ठिकाण'. बाकीच्यांची सोनेरी स्पाकीटं पटापट तुटायची. लोक तक्रार घेऊन गुरुजींकडे जायचे आणि गुरुजी म्हणायचे, "चालवायची अक्कल लागते. माझंच बघा." लोक खाली मान घालून पुन्हा मगनकडे जायचे.

उखर्डूचं तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता. रोज संध्याकाळी गुरुजी त्याच्याच दुकानात, त्याचाच चहा पिऊन मगनचं कौतुक करायचे. सांगायचं कसं? मित्राची खरेदी काढून आपला माल चोरून बसवला, हे कोणत्या तोंडाने सांगणार? खरं एकट्या कलाबाईला माहीत होतं. ती एवढंच म्हणायची, "सांगी टाका. नही ते हाई तुमना जीव खाई."

सात वर्षांनी ते सांगायची वेळ आलीच. उखर्डूचा जावई लोटन खेड्यांवरून दूध आणायचा, गाडीला दोन्ही बाजूंनी भरलेले कॅन. त्याने गुरुजींना विचारून मगनचं स्पाकीट घेतलं आणि बसवायला सासऱ्याकडे आणलं.

"मामा, तुमनं बी चांगलंच व्हई," तो फार अदबीने म्हणाला, "पन गुरुजी म्हनतस..."

उखर्डूने हात पुसले आणि तडक गुरुजींचं घर गाठलं. गुरुजी ओसरीवर वह्या तपासत होते. उखर्डूने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तवा, रंग, सात वर्षं, सगळं. मग तो थांबला. गुरुजी चिडतील, खोटं म्हणतील, उठून मिठी मारतील, सगळ्याची त्याने तयारी केली होती.

गुरुजींनी लाल पेनाला टोपण लावलं.

"माले पहिलेच वरीसले कयनं व्हतं," ते हळूच म्हणाले. रॉकेलने चेन धुताना सोनेरी रंग निघाला होता. मधे कानस लावून पाहिली, ती रुतली होती.

"मंग तू बोलना काबर नही?"

"गावना समोर मी नरम म्हनी टाकेल व्हतं रे."

सात वर्षं हा माणूस सगळं जाणून, त्याच्या समोर बसून, मगनचं नाव घेत होता.

"लोटनले तुनंच बसाडी दे," गुरुजी म्हणाले. "वर रंग दी दे, म्हंजे झायं."

उखर्डू परत आला. जावयाच्या जिवाचा प्रश्न होता, म्हणून त्याने आपलंच स्पाकीट बसवलं. रंगही दिला. दुसऱ्या दिवशी गुरुजी नेहमीच्या वेळेला चहाला आले आणि उखर्डूने चहा पाजला. फक्त त्या दिवसानंतर गुरुजींनी मगनचं नाव काढलं नाही आणि उखर्डूचंही काढलं नाही. उखर्डू मात्र वाट पाहायचा. चहाला पाचसहा माणसं जमली, कुठे गाड्यांचा विषय निघाला, की हातातलं काम थांबवून गुरुजींच्या तोंडाकडे बघायचा. गुरुजी पेपर वाचायचे.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात लेथवर उभा असतानाच तो छातीला हात लावून खाली बसला. उठला नाही.

जलदान विधीला, म्हणजे दिवसाच्या कार्याला, मांडव भरला होता. वंदना झाली, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. अशी भाषणं आपल्याकडे मनसोक्त होतात. ज्याने उखर्डूकडून कधी साधा बोल्टही बनवून घेतला नव्हता, त्याने त्याला समाजाचा आधारस्तंभ म्हटलं. शेजारच्या झुलालने तर सांगितलं, की उखर्डू जन्मात कोणाला उलट शब्द बोलला नाही, आणि कलाबाईनेसुद्धा मान वर करून पाहिलं.

मग गुरुजी उठले. त्यांनी सगळं सांगितलं. "माझ्या गाडीला अकरा वर्षं आहे ते मगनचं नाही, उखर्डूचं आहे. त्याच्यासारखं स्पाकीट जिल्ह्यात कोणी केलं नाही. मी त्याला सगळ्यांसमोर नरम म्हटलं, ते चुकलो. कळल्यावरही गप्प राहिलो, तो गुन्हा केला. गाडी बाहेर उभी आहे, जाऊन बघा!"

कोणी उठलं नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मांडवभर कुजबूज झाली, की गुरुजी म्हणजे मोठा माणूस, मित्रासाठी सगळा दोष स्वतःवर घेतला! गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तर असं बोलावं. मगन दुसऱ्या रांगेत होता, त्याचेही डोळे भरून आले. तो उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "गुरुजी बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा आहे." त्याचंही कौतुक झालं. मग जेवणाच्या पंगती बसल्या आणि पंगतीत दोघांनी मगनला विचारून घेतलं, की राजदूतचा माल आला का.

गुरुजी मांडवाच्या खांबाशी एकटे उभे होते. कलाबाई त्यांच्याजवळ आली. ती रडत नव्हती.

"गुरुजी, आमना मिस्त्री रोज तुमना तोंडकडे दखत व्हतात," ती म्हणाली. "हाई त्यासना समोर बोलाले पाहिजे व्हतं. आते कोनले खरं वाटनार शे?"