भिंतीवरचे पोपट

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुम्हाला सांगते आहे.

घाटंजीच्या घरात मी दुसरी बायको म्हणून आले. पहिली तापानं गेली होती. दारं रंगवून उरलेल्या ऑइलपेंटनं तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर पोपटांची जोडी काढली होती. तिची मुलगी मंजू त्या भिंतीला टेकूनच जेवायची. शेजारणी यायच्या, आधी पोपटांकडे बघायच्या, मग माझ्याकडे. एवढंच. एवढ्यानं कुणी जळतं का? मी जळत होते.

त्या वर्षांत कापूस हातचा गेला, जिनिंगचा कारखाना बंद पडला, हे कामासाठी नागपूरला राहू लागले. दिवाळीआधी मी ॲक्रिलिक रंगाचा डबा आणला. दुकानातले बशीरभाई म्हणाले, "भाभी, खाली ऑइलपेंट असंल तं आधी काचपेपरनं घासा. नाही तं हा धरत नाई, पापुद्रे निघते."

मला घाई होती. मंजू शाळेतून यायच्या आत मी भिंत पांढरी केली.

ती आली. दप्तर खांद्यावरच.

"मावशी, पोपट काहून पुसले?"

"तुह्या बाबानं सांगतलं."

खोटं होतं ते. ह्यांना काही ठाऊकच नव्हतं. पण थांबा — मला सांगायचं ते एवढंच नाही.

थंडीत रंग सुटायला लागला. एका सकाळी हिरवा पंख दिसला. मग मंजू रोज नखानं पापुद्रे काढत बसायची, अगदी हळू, खालचं दुखू नये तसं. चोच निघाली त्या दिवशी ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "माय, आले पाहा." माय — पहिल्यांदाच.

आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर काचपेपर घेतला आणि घासत राहिले. प्लास्टर दिसेपर्यंत. या वेळी घाई नव्हती. ती परतली, तिनं काहीच विचारलं नाही. मीच म्हणाले — बाबानं पुन्हा निरोप धाडलता.

त्यानंतर हे सुटीवर आले की ती अंगणात जाऊन बसायची. त्यांनी आणलेल्या खाऊला हात लावायची नाही. लग्न होऊन पांढरकवड्याला गेली, तरी बापाशी बोलणं नाही.

शेवटच्या आजारपणात त्यांनी मला विचारलं, "मंजू माह्याशी काहून बोलत नाई वं? म्या तिले काय केलं?"

मी त्यांची चादर नीट केली. म्हणाले, "तिचा सभावच तसा हाये."

त्यांनी मान हलवली. तेच खरं मानून गेले.

मंजू मातीला आली. बापाच्या पायाशी उभी राहिली, रडली नाही. बायका कुजबुजल्या — काय दगडाच्या काळजाची पोर. मी तिच्या शेजारीच होते. ऐकत होते. गप्प राहिले.