सामाईक पत्ता

माझा धंदा काय आहे, हे माझ्या सासरच्या मंडळींना अजून नीट समजलेलं नाही. लग्नाकार्यात कुणी विचारलं की सासरे घसा साफ करून सांगतात, "जावई पोस्टात नाहीत, पण पत्रं पाठवतात." मी गंभीरपणे मान डोलावतो. खरं सांगायचं तर माझ्या व्हिजिटिंग कार्डावरच्या मजकुरापेक्षा ही व्याख्या बरी आहे. लोकांची जाहिरातीची ई-मेल्स हजारोंनी पाठवायची आणि ती स्पॅमच्या कचऱ्यात न पडता समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडतील एवढं बघायचं, हे माझं काम. जालना रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं ऑफिस आहे. एका खोलीत मी बसतो आणि बोलतो. दुसऱ्या खोलीत बजाजनगरहून येणाऱ्या एक ताई बसतात आणि काम करतात.

मला बोलायला फार आवडतं. गिऱ्हाईक दारात दिसलं की माझ्या अंगात अख्खी नाटक कंपनी शिरते. हात हलतात, भुवया चढतात, आवाज खाली-वर होतो. शेजारचा झेरॉक्सवाला काम सोडून ऐकायला येतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या बोलण्यानंच झालं.

प्रत्येक ई-मेल आकड्यांच्या कुठल्या तरी पत्त्यावरून निघतं. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. ई-मेल स्वीकारणाऱ्या मोठ्या कंपन्या आत घेण्याआधी तो पत्ता बघतात. तिथून आजवर काय काय आलं, लोकांनी ते उघडलं की न वाचताच फेकलं, किती जणांनी तक्रार केली, हे सगळं त्यांच्या लक्षात असतं. थोडक्यात, पत्त्याला पत असते. माझ्या छोट्या गिऱ्हाइकांचा मिळून एकच पत्ता होता, सामाईक. ज्याला हवं त्याला स्वतंत्र पत्ताही घेता येतो, त्यावरून दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. सामाईक बरा की स्वतंत्र, हा आमच्या धंद्यातला रोजचा प्रश्न. त्याचं उत्तर मी एकदा फार वाईट दिलं.

गुरुजी माझे जुने गिऱ्हाईक. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याशी, त्यांनी सहा खोल्यांचं अतिथिगृह बांधलं. घर बौद्ध. लेणी बघायला श्रीलंकेहून, थायलंडहून, नागपूरहून उपासकांच्या तुकड्या येतात, त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे उतरत. आलेल्या प्रत्येकाचा ई-मेल पत्ता गुरुजी वळणदार अक्षरात वहीत लिहून घेत आणि दर वर्षी पावसाळा सरत आला की माझ्यामार्फत सगळ्यांना पत्र पाठवत. त्यांच्या पत्नी वारल्यावर मुलानं पुण्याला येण्याचा धोशा लावला होता. शेवटी बापलेकांत ठरलं, की ज्या हिवाळ्यात एकही तुकडी येणार नाही, त्या हिवाळ्यात गुरुजी कुलूप लावून पुण्याला जातील. हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं. पण बत्तीस वर्षं बदलीच्या गावांत भाड्यानं काढलेल्या माणसानं शेवटी स्वतःच्या नावाची पाटी लावली होती. ती उतरवायची त्यांची तयारी नव्हती.

त्या वर्षी गणपती नुकतेच उठले होते. गुरुजी चार घड्या केलेला कागद घेऊन आले.

"साहेब, आमचं पत्र कचऱ्यात जातंय. श्रीलंकेच्या भंतेंचा फोन आला होता. म्हणाले, तुमचं पत्र लॉटरीच्या आणि कर्जाच्या पत्रांत सापडलं."

मला कारण शोधावं लागलं नाही. माझ्या बायकोचा चुलत भाऊ लोकांना कर्ज मिळवून द्यायचा धंदा करतो. त्यानं कुठून तरी विकत आणलेली भलीमोठी यादी आमच्या सामाईक पत्त्यावरून झोडपली होती. तक्रारींचा पाऊस पडला आणि त्या पत्त्यावरच्या सगळ्यांचीच पत गेली. ताईंनी मला दोनदा सांगितलं होतं, याला बंद करा. मी म्हणालो होतो, बघू.

गुरुजींना हे सांगायच्या ऐवजी मी उभा राहिलो आणि गोष्ट सुरू केली.

"गुरुजी, सिल्लोडकडे आमची शेती. विहीर चुलत्यांशी सामाईक. पाळी आमची, मोटार चालू त्यांची! भांडण झालं की चुलते म्हशी आणून विहिरीवर धुवायचे, मुद्दाम. सगळा राडा खाली पाण्यात." मी म्हशीही करून दाखवल्या. झेरॉक्सवाला दारात येऊन हसत होता. "शेवटी वडलांनी पलीकडच्या तुकड्यात आपली वेगळी विहीर खोदली. तेव्हापासून पाणी कसं, आरशासारखं! तुमचंही तेच. तुम्हाला वेगळी विहीर पाहिजे."

गुरुजी शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमच्या वस्तीची विहीर वेगळीच होती, साहेब. वेगळी म्हणजे चांगली, हे आज पहिल्यांदाच ऐकतोय."

माझे हात हवेतच राहिले. झेरॉक्सवाला गुपचूप आपल्या मशीनकडे गेला. आमच्याही गावात ओढ्यापलीकडे तशी एक विहीर होती. लहानपणापासून मी ती येता-जाता बघितली होती. विहिरीची ही गोष्ट मी शंभर वेळा तरी सांगितली असेल, आणि त्यात ती विहीर एकदाही आली नव्हती.

गुरुजींनीच मला सोडवलं. "राहू द्या. तुमचं म्हणणं कळलं. दुसऱ्यानं केलेल्या घाणीचा डाग आपल्या नावाला नको. तो आम्ही पुष्कळ सोसलाय. द्या आमचा आम्हाला पत्ता. बरंवाईट जे होईल ते आमच्या नावावर होईल."

ते गेल्यावर ताई बाहेर आल्या.

"सर, गुरुजींची यादी केवढीये? हजारभर पण नाय. स्वतंत्र पत्त्यावरून सारखी, भरपूर पत्रं जावी लागतेत, तेव्हा कुठं त्याची ओळख होते. गुरुजी वर्षातून एकदा लिहिणार. त्या पत्त्याला कोण ओळखंल?"

"होईल हळूहळू."

"आणि तुमच्या मेहुण्याला हात लावायचा नाय. असंच ना?"

"ताई, पाहुण्यातलं आहे ते."

"व्हय. दिसतंय ते."

कोऱ्या पत्त्यावरून एकदम सगळ्यांना लिहिता येत नाही. अनोळखी पत्त्यावरून अचानक गठ्ठा आला की समोरचे दार लावून घेतात. म्हणून ताई पहिल्या दिवशी वीस पत्रं पाठवत, दुसऱ्या दिवशी तीस, असं चाललं. गुरुजी सोमवारी शहरात येत, ताईंच्या शेजारी खुर्ची घेऊन बसत आणि पडद्याकडे बघत.

"म्हणजे हे विचारतंय, तुम्ही कोण?"

"व्हय गुरुजी. नवीन पत्ता दिसला की आधी संशय."

"बदलीच्या गावाला गेलं की सरपंच विचारायचे, गुरुजी, नाव काय तुमचं? मी नाव सांगायचो. ते म्हणायचे, तसं नाही, पूर्ण नाव. आडनाव कळलं की मग ठरायचं, चहा कुठल्या कपात द्यायचा." ते पडद्याकडे बघून हसले. "तुमचा कॉम्प्युटरही आडनाव विचारतो म्हणा."

मीही हसलो. ताई हसल्या नाहीत.

दिवाळीच्या आधी यादी संपली. त्याच लोकांना रोज रोज लिहिता येत नाही, आणि लिहिलं नाही तर पत्ता विसरला जातो. ताई म्हणाल्या होत्या तसंच झालं. पत्रं जात होती, पण बहुतेक स्पॅममध्येच पडत होती. आधी ती दुसऱ्याच्या घाणीमुळे जायची, आता ओळख नव्हती म्हणून. कार्तिक गेला, मार्गशीर्ष लागला. गुरुजींचा सोमवारचा फोन लहान होत गेला. "आलं का काही?" "नाही, गुरुजी." "बरं."

मग त्यांना वेरूळला, लेण्यांबाहेरच्या चहाच्या टपरीवर, नागपूरची तुकडी भेटली. दर वर्षी त्यांच्याकडेच उतरणारी माणसं. ती दुसरीकडे राहत होती. त्यातल्या एक वयस्कर बाई गुरुजींचा हात धरून म्हणाल्या, "पत्र नाही आलं तुमचं. फोनही बदललेला. आम्हाला वाटलं, बाई गेल्या तसं तुम्ही बंदच केलं."

त्या सोमवारी फोनवर गुरुजी एवढंच म्हणाले, "साहेब, मुलगा संक्रांतीनंतर न्यायला येतोय."

मी दौलताबादला जायला निघालो. ताईंनी पर्स उचलली. "मी पण येते. तुम्ही एकटे गेलात तर नवी गोष्ट सांगाल."

दुपारची वेळ होती. सहाही खोल्यांची दारं हवेसाठी उघडी ठेवलेली, गाद्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या. गुरुजींनी आम्हाला ओसरीवर बसवलं. ताईंनी सगळं साध्या शब्दांत सांगितलं. एवढ्या कमी पत्रांसाठी स्वतंत्र पत्ता घ्यायचाच नसतो. चांगल्या शेजाऱ्यांचा सामाईक पत्ता हाच बरा, कारण सगळ्यांच्या वाचल्या जाणाऱ्या पत्रांमुळे त्याची पत टिकते. परत सामाईकात यावं लागेल.

"पण तिथं तर घाण होती ना?" गुरुजींनी विचारलं. "ती कुणाची होती, कळलं का शेवटी?"

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मला बोलावं लागलं.

"मला पहिल्यापासून माहीत होतं, गुरुजी. माझ्या बायकोचा चुलत भाऊ आहे."

"आणि तो कुठंय आता?"

"तिथंच आहे."

गुरुजींचा आवाज चढला नाही. शाळेतही चढत नसावा. "बत्तीस वर्षं वर्गावर होतो मी. एका पोरानं शाई उडवली, तर ज्याच्या सदऱ्यावर पडली त्याला वर्गाबाहेर उभं करायचं, अशी शाळा मी पाहिली नाही."

"तुम्हीच मागितला होता स्वतंत्र…"

"मागितला. कारण तुम्ही मला दोनच वाटा दाखवल्या. तिथं राहून घाण सोसा, नाहीतर वेगळे व्हा. तिसरी वाट तुमच्या हातात होती. ती तुम्ही बोलला नाहीत. म्हशी मात्र छान केल्यात."



"मी परत येतो सामाईकात," गुरुजी म्हणाले. "पण आधी त्याला काढा. आणि पुढं कुणाला घ्यायचं ते तुमच्या नात्यावर ठरायला नको. या ताईंनी ठरवायचं."

दुसऱ्या दिवशी मी मेहुण्याला फोन केला.

"दाजी, आपल्याच माणसाला बाहेर काढता व्हय?"

"तुझ्या यादीतल्या एकाही माणसानं तुला पत्र मागितलेलं नाही."

"मग? लोक सवताहून येतेत का कर्ज मागायला? तुम्ही ना, लई शिकले दाजी."

"तुझं खातं बंद केलंय."

"आक्काला सांगतो मी."

त्यानं आक्काला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. बायकोनं मला विचारलं, मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गणपतीतच करायला पाहिजे होतं ना मग हे." त्या संक्रांतीला त्या घरून तिळगूळ आला नाही. सासरे अजूनही त्या विषयावर घसा साफ करतात, पण पुढे काही बोलत नाहीत.

मेहुणा गेला तरी पत्ता लगेच सुधारत नाही. ताईंनी तो दोन-तीन आठवडे जपून वापरला. बियाण्यांच्या दुकानाची, योगवर्गाची, लोक खरोखर वाचतात अशी पत्रं तेवढी सोडली. गुरुजींचं पत्र मी रोज मागायचो आणि ताई रोज म्हणायच्या, "आज नाय." तिकडे मुलगा संक्रांत होताच गाडी घेऊन आला होता. गुरुजींनी त्याच्याकडे महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली. त्यानं ती दिली, पण रिकामा बसला नाही. स्वयंपाकघरातली मोठी पातेली पोत्यांत बांधायला घेतली.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ताई म्हणाल्या, "आज जाऊ द्या." पत्र गुरुजींनी स्वतः लिहिलं होतं. मी त्यात भर घालायला गेलो, तर ताईंनी कीबोर्ड माझ्यापासून लांब सरकवला. अतिथिगृह सुरू आहे, खोल्या झाडून ठेवल्या आहेत, तुमची वाट बघतो, एवढाच मजकूर. इंग्रजीतही तेवढाच.

पहिले दोन दिवस नुसत्या शुभेच्छा आल्या. कुणी बाईंच्या जाण्याबद्दल दोन शब्द लिहिले, कुणी पुढच्या वर्षाचं बोललं. चौथ्या दिवशी श्रीलंकेच्या भंतेंचं उत्तर आलं. नऊ जण भारतात येऊन पोचले होते, अजिंठ्याकडे येणार होते, दौलताबादला पाच दिवस राहायचं होतं. ताईंनी ते फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून गुरुजींनी मुलाला हाक मारल्याचं ऐकू आलं, "अरे, पोती सोड. पातेली लागणारेत."

मुलगा थांबला. पाचही दिवस त्यानं वरण ढवळलं आणि नंतर एकटाच पुण्याला गेला. शब्द पाळला गेला होता. एक तुकडी आली होती, एकच.

गुरुजींनी मला माफ केलं, असं मी म्हणणार नाही. ते तसं बोललेले नाहीत आणि मी विचारलेलं नाही. आता ते फोन करतात तो ताईंना. सामाईक पत्त्यावर नवीन कोण आलंय, यादी कुठून आणली, लोकांनी स्वतः नाव दिलंय का, हे सगळं विचारतात. ताई उत्तरं देतात. पुढच्या खोलीत मी गिऱ्हाइकासमोर अर्धा उठलेला असतो, आणि पलीकडच्या खोलीतून आवाज येतो, "सर, आधी यादी बघू द्या." मी खाली बसतो.

गुरुजींचं या वर्षीचं पत्र परवा गेलं. अजून कुणाचं उत्तर नाही.