दोन बोटं जागा

गल्लीत तिला सगळे कॉलरताई म्हणतात. शर्टांच्या कारखान्यात बाह्या, खिसे, काजं करायला इतर बायका; कॉलर मात्र हिचीच. नवं माप निघालं की पहिली कॉलर ती घरी आणायची आणि नवऱ्याच्या गळ्यात अडकवायची. तो आधी कुरकुरायचा, मग कॉलरीत दोन बोटं घालून गोल फिरवायचा. ती सहज फिरली की म्हणायचा, "जमलं!" जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस; त्याचं 'जमलं' चार घरं ओलांडून जायचं.

मग त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला, आणि गळ्याच्या खळगीत श्वासासाठी एक भोक राहिलं. डॉक्टरीणबाईंचे उपकार ती उठता-बसता आठवते. पण तो मानेभोवती टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात बसला, तो बसलाच. कट्ट्यावरचे मित्र रोज संध्याकाळी हाका मारून परत जात. लोक बघतील या धास्तीनं गडी उंबरठा ओलांडेना. देवानं माणूस परत दिला होता, आता त्याला घराबाहेर काढणं हिच्यावर आलं होतं.

तिनं कंबर कसली. पहिला गळपट्टा शिवला तो उंच, कडक, आत कॅनव्हास घातलेला. भोक झाकलं गेलं, पण श्वासही अडला! त्यानं लालबुंद होऊन तो ओढून फेकला.

"जळलं माझं डोकं," ती स्वतःवरच करवादली. "लोकांच्या डोळ्यांसाठी शिवलं, ह्यांच्या श्वासासाठी नाही." इतक्या वर्षांचा हातखंडा, आणि घरच्याच गळ्याशी माती खाल्ली.

मग तिनं त्याचा जुना शर्ट उसवला. त्याच्याच मऊ झालेल्या कापडाची सैल पट्टी केली आणि तिला हवा खेळेल अशी मलमल जोडली, भोकावरून मोकळी लोंबणारी. लांबून बघावं तर हौशी माणसाचा गळ्यातला रुमाल.

संध्याकाळी बाहेरून मित्रांची हाक आली. तो आरशासमोर उभा होता. ती दाराशी. त्यानं पट्टीत दोन बोटं घातली आणि गोल फिरवली. ओठ हलले. आवाज नव्हताच, पण तिला ते 'जमलं' चार घरांपलीकडून यावं तसं लख्ख ऐकू आलं.

डोळे पुसून बघते तो स्वारी रस्त्यावर.

"अहो," ती मागून ओरडली, "चपला तरी घाला!"