आधी माझी चूक

काकांच्या शोकसभेच्या सकाळी त्यांच्या लेकीनं माझ्या हातात एक कागद दिला. "ताई, तुमचं शिफारसपत्र. वाचून घ्या. सभा झाली की सही करून देते. हिंजवडीच्या वृद्धाश्रमात तुमची नोकरी पक्की समजा."

कागद इंग्रजीत होता आणि मला तो वाचता येत होता, हीच तर पंचाईत. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, या बाई दहावी पास आहेत.

मी सातवीत शाळा सोडली आहे.

हे खोटं चार वर्षं जुनं. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून पुण्यात आले, तेव्हा म्हाताऱ्या माणसांकडे बायका पाठवणाऱ्या ब्युरोतल्या मॅडमनं माझा फॉर्म भरला. "दहावी लिहिते हं. नाहीतर चांगलं घर मिळायचं नाही." मुलीला आईकडे ठेवून आले होते. मी मान हलवली. घर मिळालं ते खरंच चांगलं. विमाननगरातला फ्लॅट आणि त्यात एकटे काका. एकाहत्तरच्या लढाईत ते लढाऊ विमान उडवायचे. लेक अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये. दर रविवारी लॅपटॉपवर दिसायची.

पहिले कितीतरी महिने माझी बॅग पलंगाखाली भरलेलीच असायची. कधी कोण "निघा" म्हणेल, काय सांगावं? गॅस बंद केला का, ते तीन-तीनदा बघायची.

काकांची एक रीत होती. साडेपाचच्या चहाला ते मला समोरच्या खुर्चीवर बसवायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "विमान उतरलं की आम्ही आधी डीब्रीफ करायचो. सगळे एका टेबलाशी. जो मोठा, त्यानं पहिली स्वतःची चूक सांगायची, मग बाकीच्यांनी. तिथे हुद्दा नाही, रागावणं नाही. लपवलेली चूक दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी जीव घेते." मग चहाचा घोट घेऊन, "आज माझी चूक. डॉक्टरला सांगितलं रोज चालतो. चालतो, पण फ्रिजपर्यंत. आता तुमची?"

"माझी काही नाही, साहेब."

"साहेब हवाई दलात राहिला. इथे काका. आणि एकही चूक नाही म्हणजे तुम्ही देवच निघालात. उद्यापासून आरती तुमचीच करू."

असं रोज. त्यांची एक चूक, माझं "काही नाही" आणि वर आरती. मधेच लोहगावच्या तळावरून विमानं उठायची, खिडकीच्या काचा थरथरायच्या. तेवढा वेळ ते मान वर करून ऐकत राहायचे. आवाज विरला की पुन्हा माझ्याकडे, "हं, मग? आरती?"

इंग्रजी वाचता येत नसल्यानं गोळ्या मी पाकिटाच्या रंगावरून ओळखायची. चंदेरी सकाळी, लाल दुपारी. एकदा दुकानदारानं सकाळची बीपीची गोळी दुसऱ्या कंपनीची दिली. तिचं पाकीट लाल. सकाळी मी जुन्या चंदेरीतली शेवटची गोळी दिली, आणि दुपारी त्या नव्या लालमधली. चारच्या सुमाराला काका उठले आणि झोकांडी जाऊन दाराला धरून उभे राहिले. त्यांना निजवलं, धावत जाऊन दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली. अक्षरं वाचता येत नव्हती, पण ताडून बघता येत होती. वरची मोठी वेगळी, खालची बारीक सारखीच. सकाळचीच गोळी मी दुपारी पुन्हा दिली होती.

साडेपाचला काकांनी पलंगावरच चहा मागितला. "आज माझी चूक. उन्हात बसलो, म्हणून घेरी आली. आता तुमची?"

माझी चूक ते स्वतःच्या नावावर घेत होते. ते काही मला बघवेना.

"ऊन नव्हतं काका. मी होती." आणि मग सगळंच सांगितलं. गोळी, रंग, सातवी, ब्युरोतला फॉर्म. रडत सांगितलं.

त्यांनी आधी डॉक्टरला फोन लावला. पाणी प्या, पडून राहा, उद्या दाखवायला या, असं डॉक्टर म्हणाले. फोन ठेवून काका माझ्याकडे वळले. मी बॅगेचाच विचार करत होते.

"बरं," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबरोबर उडालं. पाकीट आणा ते. हे पहिलं अक्षर काय?"

त्या दिवशी माझं इंग्रजी सुरू झालं, गोळ्यांच्या पाकिटावर. वर्षभरात इंग्रजी पेपरातले मथळे वाचायला लागले. एक गोष्ट मात्र त्यांनी केली नाही. "लेकीला मी सांगणार नाही. चूक तुमची, तर सांगायचा मानही तुमचाच." मी म्हणायची, पुढच्या रविवारी. असे किती रविवार गेले. आणि एका सकाळी चहा घेऊन गेले, तर काका उठलेच नाहीत.

सभा सोसायटीच्या हॉलमध्ये होती. सोसायटीचे चेअरमन बोलले, शूर वीर, भारतमातेचा सुपुत्र वगैरे. मग पुढच्या रांगेतून एक उंच म्हातारे उठले, कानाला यंत्र. लढाईत काकांच्या विमानाला जोडून यांचं विमान असायचं.

"हे ऐकून तो एव्हाना घड्याळ बघत उठून गेला असता," ते म्हणाले. लोक हसले. "एकदा शत्रूच्या हद्दीतून परतताना त्यानं मला नजरेआड होऊ दिलं. मी एकटा, इंधन संपत आलेलं, कसाबसा पोचलो. तो आमचा लीडर. गप्प बसला असता तरी कुणी विचारलं नसतं. पण टेबलाशी बसल्या बसल्या पहिलं वाक्य त्याचंच. 'आज मी माझा जोडीदार हरवला. चूक माझी.' दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर उडायला मिळावं म्हणून आम्ही भांडलो." ते थांबले. "आता माझी चूक. खडकीत राहतो मी, आणि वर्षभरात त्याला भेटायला एकदाही आलो नाही. हं, पुढचं कोण?"

 माझा हात कधी वर गेला, मला कळलंच नाही.

"मी दहावी पास नाही," मी म्हणाले. "सातवी. चार वर्षं खोटं बोलून राहिली. काकांना एकदा बीपीची गोळी दोनदा दिली, कारण मले इंग्रजी वाचताच येत नव्हतं." घाबरले की माझी गावची भाषा बाहेर येते.

लेक उभी राहिली होती. चेहरा लाल. "बाबांना माहीत होतं हे?"

"होतं. म्हणाले, सांगायचा मान माझा."

 तेवढ्यात टकटक ऐकू आली. ते उंच म्हातारे समोरच्या टेबलावर बोटांची पेरं आपटत होते. मग त्यांच्या शेजारचे, मग त्या रांगेतले सगळे जुने वैमानिक, आपापल्या खुर्चीच्या हातावर. त्यांच्यात शाबासकी अशीच देतात, हे मला काकांनी सांगितलेलं होतं.

"गोळीचं ऐकून मला आत्ताही राग येतोय, खोटं कशाला सांगू," लेक म्हणाली. "पण पत्र द्या इकडे." तिनं 'दहावी पास' खोडलं, वर काहीतरी लिहिलं आणि कागद मला परत दिला. "वाचा. मोठ्यानं."

मी अख्ख्या हॉलसमोर वाचलं, इंग्रजीत, एकेक शब्द. शिक्षण सातवी. स्वतःची चूक स्वतः सांगतात. खाली सही.

काका गेल्यावर पुन्हा भरून ठेवलेली बॅग त्या रात्री रिकामी करून माळ्यावर टाकली.

हिंजवडीच्या रस्त्यावरच्या त्या वृद्धाश्रमात मॅनेजरनं पत्र उलटंसुलटं केलं. "असं खाडाखोडीचं पत्र घेऊन कुणी नोकरी मागायला येतं का हो?"

"मी आले," मी म्हणाले. त्यांनी ठेवून घेतलं.

आता माझ्या हाताखाली अकरा जणी आहेत. साडेपाचला चहा, सगळ्या एका टेबलाशी, आणि आधी माझी चूक. परवा यवतमाळकडची एक माझ्याच वयाची बाई नवीन लागली. तिचा नंबर आला, तर कप घट्ट धरून खाली बघत म्हणाली, "माझी काही नाही, ताई."

"वा," मी म्हणाले. "मग उद्यापासून आरती तुमचीच."