आक्काच्या कुप्यांचा उन्हाळा

“गार ठेवा आणि हळू धरा,” हे आक्काचं पालुपद. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती घरात आली की दूध असो, औषध असो, कुणाचं भांडण असो, तिचं हेच. माझी बायको म्हणायची, “वन्सं, तुमच्या भावालाच एकदा फ्रीजमध्ये ठेवून बघते, फार तापतात.” आक्का हसायची, पण थकलेलं माणूस हसतं तसं, अर्ध्यावर सोडून द्यायची.

शहरातल्या संशोधन संस्थेत तिनं उभी हयात एका प्रथिनामागं घालवली. जखम झाल्यावर ज्यांचं रक्त थांबत नाही, अशांच्या कामाचं ते प्रथिन. मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस, पण तिचं काम मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि जे पाहिलं ते मला सांगता येतं. काचेची उभी नळी, तिच्यात खसखशीएवढे पांढरे मणी. वरून गढूळ पाणी सोडायचं. त्यात नाना जातींची प्रथिनं; मणी हवं ते धरून ठेवतात, नको ते खाली जाऊ देतात. मग खारं पाणी सोडून धरलेलं अलगद सोडवून घ्यायचं. थेंब थेंब. हे सगळं थंड खोलीत, कारण उबेला ते प्रथिन नासक्या दुधासारखं होतं. पाण्यात पांढरे धागे दिसले की महिन्यांची मेहनत मोरीत. म्हणून भर उन्हाळ्यात तिच्या अंगात स्वेटर. शेजारी तिला स्वेटरवालीच म्हणत. बोटं कायमची बधिर झालेली. वाफाळता कप हातात धरून ती विचारायची, “चहा निवला का रे?”

शुद्ध करायला तिला अर्धं आयुष्य लागलं, टिकवायला उरलेलं. “गर्दीत होतं तेव्हा धड होतं,” ती म्हणायची, “वेगळं काढलं की एकटं पडतं आणि बिघडतं.” शेवटी कुठलीशी साखर मिसळून, वाळवून तिनं त्याची भुकटी केली. संस्थेतल्या उबेच्या कपाटात ती भुकटी टिकली. पण कपाटातली ऊब सरळ चालीची. घरातला उन्हाळा तसा नसतो. दुपारी पत्रा तापतो, पहाटे निवतो. हा चढउतार सोसला, तरच बर्फ नसलेल्या गावात ते औषध पोचणार होतं. निवृत्तीआधीच्या उन्हाळ्यात ती त्या भुकटीच्या कुप्यांची पेटी घेऊन आमच्याकडं आली. आत तापमान टिपणारं छोटं यंत्र. पत्र्याखालच्या फळीवर तिनं पेटी स्वतः ठेवली आणि “असू दे इथं,” एवढंच म्हणून गेली. उन्हाळा सरला की तिची प्रयोगशाळा तिच्याच हाताखाली शिकलेल्या एकाकडं जाणार होती. दुसरा उन्हाळा तिच्यापाशी नव्हता.

न्यायला आली तेव्हा फळी रिकामी. बायकोनं मोठ्या कौतुकानं फ्रीज उघडला. स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली पेटी.

“तुम्ही गेलात आणि अशी काहिली सुटली, वन्सं! म्हटलं, वन्संच्या जन्माची कमाई नासली तर मी काय तोंड दाखवू? लाईट गेली की शेजारणीकडून बर्फ आणून भोवती लावत होते.”

आक्का हळूच स्टुलावर टेकली.

“का हो? फुटलं का काही?”

“नाही गं. फार नीट ठेवलंस.” मग म्हणाली, “उकाड्यात टिकतं का, तेच बघायचं होतं.”

बायकोचा चेहरा उतरला. “मग सांगायचं नाही का?” ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

“चुकलंच माझं. इतकी वर्षं तुम्हाला एकच शिकवलं, आणि एकदा उलटं करायचं तर सांगितलं नाही.”

तिनं त्या शिष्याला फोन लावून झालं ते सांगितलं. बोटांनी धरवत नाही म्हणून फोन ओट्यावर ठेवून मोठ्यानं बोलायची तिची पद्धत, त्यामुळं आम्हालाही सगळं ऐकू आलं.

“मॅडम, भुकटी घरात टिकली, पण यंत्र मध्येच बंद पडलं, असं लिहू या का?” तो म्हणाला. “कपाटातले आकडे चांगलेच आहेत. उगाच सगळं अडकून पडेल.”

मला वाटलं, म्हण गं बाई हो. एवढी राबलीस, एकदा हो म्हण.

“यंत्र ठणठणीत आहे,” ती म्हणाली. “थकलेय ती मी. घरातली चाचणी झाली नाही, असं लिही.”

“मग पुढच्या उन्हाळ्यात करायची?”

“तो उन्हाळा तुझा. कर, नाहीतर...” फोन तिकडूनच बंद झाला.

“जेवून तरी जा,” बायको खालमानेनं म्हणाली.

“जेवते की. उपाशी राहून मी तरी किती टिकणार?”

जेवली, हात धुतले, पेटी पिशवीत घातली. मी पिशवी घ्यायला गेलो तर नको म्हणाली. ऊन अजून उतरलं नव्हतं. रस्त्यानं ती एकटीच बस थांब्याकडं निघाली, मध्ये एकदा थांबून तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. बायको दारात उभी राहून बघत होती, हाक मारावी की नको अशी. वळणापलीकडं आक्का दिसेनाशी झाली, तरी ती तिथून हलली नाही.