आजीच्या चित्राला फुटलेली मिशी

माझा काका घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान बंद केल्यावर त्याच्या हातांना काम उरलं नाही, आणि नेमकी तेव्हाच काकूच्या चित्रांना बुरशी आली.

काकू जलरंगात चित्रं काढते. घरभर तिचीच चित्रं: नदी, शेजाऱ्यांचं मांजर, आणि बैठकीच्या खोलीत, पाऊस झेलणाऱ्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर माझी आजी. एका सकाळी काकाला आजीच्या ओठावर करडे ठिपके दिसले. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. भिंतीतलं मात्र जागच्या जागी होतं.

"अगं, आईला मिशी फुटली!"

काकूने वाकून पाहिलं. "आता कुठे हुबेहूब दिसायला लागल्या सासूबाई."

काका त्याच दिवशी हवेतला ओलावा मोजायचं यंत्र घेऊन आला. ओले कपडे घरात वाळत घालायला बंदी झाली. कुकरला तर तो पाण्यात पाहू लागला; शिट्टी झाली की यंत्राकडे धावायचा. काकूचा थोरला भाऊ जिने चढून घामाघूम होऊन आला, तर काकाने त्याला दारातच अडवलं.

"दादा, आधी जरा वाळा. मग आत या."

दादांनी जिन्यातच चहा घेतला आणि तिथूनच घर गाठलं.

तरीही यंत्राचा काटा हलेना. मग काकाने सगळी चित्रं त्यातल्या त्यात कोरड्या अशा झोपायच्या खोलीत हलवली, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या आणि दार बंद केलं. दोघांची अंथरुणं बाहेर आली.

"चित्रं गादीवर आणि आपण फरशीवर?" काकूने विचारलं.

"तुझीच चित्रं आहेत ना?"

"कंबरही माझीच आहे!"

आठवड्याने दार उघडलं, तर कुबट वासाचा भपकारा आला. मांजर लोकरीचं झालं होतं, नदीत बेटं उगवली होती आणि आजीची मिशी हनुवटीपर्यंत उतरली होती. चित्रांतला ओलावा आतच कोंडला गेला होता.

काका पलंगाच्या कडेवर मटकन बसला. "जपता जपता मीच वाट लावली गं."

काकूने चिकटपट्ट्या टराटरा ओढल्या, खिडक्या उघडल्या, पंखा लावला.

"उन्हात ठेवू का?" काका उठला.

"रंग उडतील. सावलीतच."

फ्रेमी उघडल्यावर कळलं, काच कागदाला अगदी चिकटून होती. चित्रं पुरती वाळल्यावर दोघं नाकातोंडाला रुमाल बांधून गॅलरीत बसले आणि मऊ, कोरड्या ब्रशने बुरशी झटकू लागले. आजीचं चित्र काकाने डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून साफ केलं. ओठावर पुसटसा डाग मात्र उरला.

"थोडं राहिलंय."

"राहू द्या. आणखी घासलंत तर ओठच जातील."

मग त्यांनी काच आणि कागद यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या घातल्या, फ्रेमींमागे हवा खेळावी म्हणून बुचाचे तुकडे चिकटवले आणि चित्रं आतल्या भिंतींवर टांगली. दादांना मानाने जेवायला बोलावलं. ते पंख्याखाली बसले.

आजीला झोपायच्या खोलीतच ठेवावं, ती कोरडी आहे, असं काकाचं म्हणणं होतं.

"मुळीच नाही," काकू म्हणाली. "त्यांच्या देखत मला दुपारी आडवं व्हायचीही चोरी!"