मरायला टेकला तो पहिला

“थांबा. मराले कोण टेकला, ते पाहू द्या पहिले.”

असं म्हणून डॉक्टर चष्मा कपाळावर चढवत आणि टीव्हीच्या काचेला नाक लागेल इतके पुढे सरकत. काचेत खेळातली आमची टोळी एखाद्या गुहेत राक्षसांच्या तावडीत सापडलेली असे. वहिनींचा, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचा, सरदार रक्तबंबाळ, माझा चोर जमिनीवर आडवा आणि डॉक्टरांचा पुजारी मागच्या रांगेत एकच मंत्र शिल्लक ठेवून उभा. तो कोणावर टाकायचा यावरून त्या घरात जितकी भांडणं झाली, तितकी भाजीतल्या मिठावरून झाली नसतील.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी बँकेतला कारकून, लाखांदूरच्या अलीकडच्या एका गावात बदलून आलेला. डॉक्टर तिथल्या सरकारी दवाखान्याचे. साकोलीकडच्या धानवाल्या घरातले, एवढे शिकले तरी बोली न सोडलेले. त्यांचा अमेरिकेतला धाकटा भाऊ एकदा आला तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर आणि खेळाच्या दोन-चार फ्लॉप्या भावाकडे टाकून गेला. टीव्हीला जोडायचा तो डबा पाहायला आधी अर्धं गाव लोटलं. मग गंमत ओसरली आणि रविवारच्या दुपारी, वीज असलीच तर, आम्ही तिघं उरलो.

तुमच्यापैकी कोणी असले खेळ खेळले असतील, तर त्यांना ठाऊक असेल की पुजारी कोणालाच नको असतो. तलवार चालवायला सगळे पुढे. डॉक्टरांनी तो मागून घेतला. त्या खेळात मंत्र हवा तेव्हा मिळत नसे. मुक्कामाला झोपण्याआधी कोणते हवेत ते देवाकडे मागून ठेवायचे, आणि वापरला की तो पुढच्या मुक्कामापर्यंत संपला. मला वाटे, सगळे जखमा भरायचेच मागावेत. डॉक्टर मला वेड्यात काढत. लढाईच्या तोंडावर आशीर्वादाचा मंत्र, सुरू होताच शत्रूला जागच्या जागी खिळवणारा. वारच झाला नाही तर मलम कशाला? भुतं चालून आली तर मंत्र खर्चायचाच नाही, नुसती देवाची खूण पुढे धरायची, निम्मी पळतात. आणि मंत्र संपले की समोर खजिना दिसला तरी माघारी फिरायचं.

एक मंत्र मात्र ते न चुकता मागत. विष अंगात भिनण्याचा वेग कमी करणारा. त्याने माणूस बरा होत नसे, विष उतरवणाऱ्या देवळापर्यंत न्यायला वेळ तेवढा मिळे. एवढ्यासाठी एक जागा अडवून ठेवायची म्हणून वहिनी चिडत. डॉक्टर म्हणत, “या डब्यात एवढं एकच खरं हाय. बाकी सगळ्या गप्पा.”

वहिनींचं खेळणं रोखठोक होतं. लढणारा आधी उभा करा, तो उरला तर बाकीचे उरतील. हिशेबाने त्यांचंच बरोबर होतं. डॉक्टरांना ते पटायचं आणि तरीही ऐन वेळी त्यांचा पुजारी माझ्या चोराकडे वळायचा. मग आम्ही सगळेच मरायचो, वहिनी उठून चहा टाकायला जायच्या आणि डॉक्टर ओशाळून जुना डाव पुन्हा उघडायचे. चोर माझा असल्याने मी अर्थातच डॉक्टरांच्या बाजूने.

दवाखान्यात सापावरच्या लसीच्या कुप्या कायम एका माणसापुरत्या असत. डॉक्टर जास्त मागत, वरून तेवढ्याच येत. धान लावायच्या, रोवणीच्या दिवसांत एका दुपारी शेतातली एक मजूर बाई बैलगाडीतून आणली, तेव्हा मी दवाखान्यातच होतो. नाग चावला होता. पापण्या मिटत होत्या, थुंकी गिळता येत नव्हती. डॉक्टरांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या कुप्या तिला दिल्या. दिवस कलायच्या आत त्याच शेताच्या मालकाच्या धाकट्या भावाला घेऊन माणसं धावत आली. त्यालाही शेताच्या बांधावर, धुऱ्यावर चावला होता, आणि दवाखान्यात काही उरलं नव्हतं. डॉक्टर स्वतः त्याला जीपमध्ये घालून भंडाऱ्याला निघाले, वाटभर तोंडाला रबरी फुगा लावून, तो दाबून श्वास देत राहिले. अड्याळ यायच्या आत तो गेला.

बाई वाचली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या काचा फुटल्या. मालक पायरीवर उभा राहून एकच विचारत होता, “रोवणारीणले दिली, अन् माह्या भावासाठी नाही ठेवली?” डॉक्टर म्हणाले की ती आधी आली होती आणि तिच्याजवळ वेळ नव्हता. हे उत्तर गावाला आवडलं नाही. ज्यांच्या पोरांचे ताप त्यांनी उतरवले होते, ते माना खाली घालून गर्दीत उभे होते. मला त्या माणसांची अजून चीड येते. मालकाची त्याहून कमी येते, त्याचा भाऊ गेला होता.

पुढे चौकशीला भंडाऱ्याहून साहेब आले. गावातर्फे तक्रार होती की डॉक्टरांनी लस वाया घालवली. बाईला बोलावलं. तिने दारातून आधी अंगणात उभ्या असलेल्या मालकाकडे पाहिलं. मग पदर सावरून खाली बघत म्हणाली, “मले साप नाही चावला, साहेब. काटा रुतला होता.”

मी तिथेच होतो. मी बोललो की मी तिचे डोळे मिटताना पाहिलेत. साहेब म्हणाले, तुम्ही बँकेचे, तुम्हाला काय कळतं. डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी बाईला एवढंच विचारलं, “गिळाले त्रास होते का अजून?”

“नाही जी,” ती म्हणाली. “आता नाही होत.”

साहेबांनी हे लिहून घेतलं नाही.

डॉक्टरांची बदली दूर जंगलात, सिरोंच्याकडे झाली. सामान भरायला मी एकटाच होतो. वहिनी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळत होत्या. “यांना खेळात तरी शिकवून पाहिलं मी,” त्या म्हणाल्या आणि मग त्यांना रडू आवरलं नाही. डॉक्टर ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले, चष्मा पुसला, मला हात केला. त्यांचं एकही पत्र आलं नाही. मीही कधी तिकडे जाऊ शकलो नाही.

नवे डॉक्टर हुशार निघाले. त्यांनी लस मागवणंच बंद केलं. साप चावलेला माणूस आला की चिठ्ठी लिहून भंडाऱ्याला पाठवत, मजूर असो की मालक. अड्याळच्या अलीकडे माणसं मरत. दवाखान्याची काच मात्र पुन्हा फुटली नाही, आणि गाव म्हणायचं, हा डॉक्टर चांगला आहे.